मेलेल्यांच्या यादीत

बालीगंज, कलकत्ता
८ फेब्रुवारी १९५७

श्रीचरणेषु,

हा मायना मुद्दाम घातलाय. तुमचे चरण तेवढेच मला पाहायला मिळाले. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं मान वर करायची नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्यावर सावलीही पडू द्यायची नाही, हा आपल्याकडचा नेम. लग्नानंतर सात महिने मी तुमच्या हातीबागानच्या घरात काढले. तुम्ही जिना उतरताना खोकलात की मी पदर ओढून भिंतीला चिकटायची. तुमच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं आहे, एवढीच आपली ओळख. बोलायला बंदी आहे, कबूल. लिहायलाही बंदी आहे असं कुठल्या शास्त्रात सापडलं तर कळवा, बडठाकूर.

काल दुपारी फटिक आला. हा माझा रंगवाला. तीस वर्षं माझ्या तोंडाला रंग लावला त्यानं, आता त्याचेच हात कापतात. चहा दिला तर घेईना. म्हटलं, "काय रे, बायकोनं हाकललं का घरातून?"

तर म्हणतो, "दिदिमणी, तुम्ही कधी गेलात?"

"कुठं?"

"वर."

आणि त्यानं खिशातून तुमच्या घरची लग्नपत्रिका काढली. चितपूरच्या ज्या छापखान्यात आमच्या चित्रांच्या जाहिराती छापतात, त्याच छापखान्यात तुम्ही पत्रिका छापल्यात. स्वस्त पडतं ना तिथं. ‘स्वर्गवासी प्रमदाचरण नियोगी व स्वर्गवासिनी प्रभावती देवी यांची एकुलती कन्या करबी हिचा विवाह बेहालाचे रक्षित यांचे चिरंजीव सौरींद्र यांच्याशी.’ खाली निमंत्रक म्हणून तुम्ही, अंबिकाचरण नियोगी, वकील.

प्रमदाचरण गेले हे खरं. एकेचाळीस साली अकरा दिवसांच्या तापानं माझ्या मांडीवर गेले. तुम्ही सख्खे भाऊ, बाराव्या दिवशी उगवलात. पण ही प्रभावती कोण? माझं नाक बसकं म्हणून आईनं मला खेंदी म्हटलं. पडद्यावर क्षणप्रभा झाले. भिंतीवर चिकटवलेलं नाव घरात नको म्हणून तुम्ही प्रभावती शोधून काढलीत आणि आता तिला मारूनही मोकळे झालात. जगली कधी, ते मात्र कुणी पाहिलं नाही.

तिची म्हणून सांगता ती मुलगी मात्र माझी आहे. पाच वर्षांची होती तेव्हा तुम्ही तिला माझ्या घरातून उचलून नेलीत.

पत्रिका झाल्या त्या झाल्या, मी काही छापखान्याला आग लावायला जात नाही. लग्नाला बोलावू नका. आईनं पोरीचं लग्न डोळ्यांनी पाहायचं नसतं ही आपली रीत तुमच्या किती पथ्यावर पडली! पण तीन मार्चला सकाळी नांदीश्राद्ध होईल. कुळातल्या मेलेल्यांची एकेक करून नावं घ्याल, पाणी सोडाल. त्यात माझं नाव घ्यायचं नाही. माझं मागणं एवढं एकच आहे.

मी बावन्न वर्षांची आहे, दात शाबूत आहेत, आणि काल जेवणात कोय माशाचं कालवण होतं. विधवेनं मासा खाऊ नये. मी खाते. हेही लिहून ठेवा.

क्षणप्रभा


१३ फेब्रुवारी

बडठाकूर,

तुमचं उत्तर मिळालं. दीड ओळ! ‘धाकट्या भावजयीशी पत्रव्यवहार अनुचित आहे. विषय संपला.’ वा! जन्मभर पुढच्या तारखा मागून पोट भरलं आणि माझा विषय मात्र दीड ओळीत निकालात.

अनुचित म्हणता? मग एकोणतीस साल आठवा. तेव्हा मी तुमच्या घरातली कुणी नव्हते. भवानीपूरच्या थेटरात माझं मूकचित्र लागलं होतं. त्यात मी खऱ्या घोड्यावर बसून नदी ओलांडते. बदली माणूस घ्या म्हणत होते, मी नाही घेतला. तुम्ही एका आठवड्यात तीनदा आलात. वरच्या जागांवर ओळखीचे वकील बसतात म्हणून खाली चार आण्यांच्या बाकावर, आणि वैशाखात डोक्यावरून शाल घेऊन! दारावरच्या गोपेश्वरचा खटला तुमच्याकडे होता, त्यानं तुम्हाला ओळखलं. मला म्हणाला, "दिदिमणी, आमचे वकीलबाबू आज परत आलेत. घामानं निथळताहेत बिचारे."

वीस फूट उंच चेहरा पाहिलात तुम्ही माझा, तीनदा. आणि तीन वर्षांनी तोच चेहरा प्रमदाची बायको होऊन तुमच्या दारात आला, तेव्हा त्याच्या दर्शनानं तुमचा धर्म बुडायला लागला. करून करून भागले नि देवपूजेला लागले, ते तुम्हालाच पाहून म्हणत असतील.

माझ्या धंद्याची तुम्हाला लाज वाटते. कशाची वाटते ते तरी नीट समजून घ्या.

मी बारा वर्षांची होते. रामबागानच्या आमच्या बदनाम गल्लीत एका चित्रकंपनीचा मॅनेजर आला. चित्रात काम करायला भल्या घरची बाई मिळेना, म्हणून पुरुषच साड्या नेसून उभे राहत. दाढी कितीही घोटा, हनुवटी काळपट दिसायचीच आणि सीताहरणाच्या वेळी लोक शिट्ट्या मारायचे. मग त्यांना आमची गल्ली आठवली. आईनं विचारलं, "गायचंय का हिला?"

"नाही."

"मग नाचायचंय?"

"तेही नाही. नुसतं रडायचंय."

आई म्हणाली, "न्या मग. ही कार्टी फुकटातसुद्धा रडते."

गच्चीवर भर दुपारी काम चाले. चार माणसं चार आरसे धरून ऊन तोंडावर पाडायची. तोंडाला पिवळा रंग फासलेला, कारण त्या फिल्मवर लाल रंग काळा उमटायचा. डोळे मिटले की कॅमेरावाला हँडल फिरवायचं थांबवून आईवरून शिव्या द्यायचा. मी डोळे उघडे ठेवायला शिकले. पुढं बोलपट आले. माझ्याबरोबरच्या गोऱ्या-घाऱ्या मुली, ज्यांना धड बंगाली बोलता येत नव्हतं, त्या वर्षभरात घरी बसल्या. मायक्रोफोन फुलदाणीत लपवलेला असे. हीरो फुलदाणीकडे तोंड करून प्रेमाच्या शपथा घ्यायचा, मी त्याच्याकडे पाहून बोलायचे तरी माझा शब्द पोचायचा. बंगालात हीरोच्या वर नाव छापलं गेलं ते पहिल्यांदा माझं. स्वतःची कंपनी काढून चित्र काढणारी बाईही मीच पहिली. ते पडलं, आपटलं, तीन दिवसांत उतरलं. पण पडलं ते माझं पडलं, कुणाच्या बापाचं नाही.

अशा बाईला तुम्ही सकाळी आठ वाजता ताम्हणात पळीभर पाणी सोडून मारणार. हसू येतं हो.

विषय संपलेला नाही. माझं नाव यादीतून काढल्याचं कळवा.

क्षणप्रभा


२१ फेब्रुवारी

बडठाकूर,

तुमचं उत्तर नाही. मात्र तुमचे कुलपुरोहित येऊन गेले.

तर्कतीर्थ महाशय फाटकातून आत यायलाच अर्धा तास घुटमळले. कुणी पाहतंय का, म्हणून आधी रस्त्याच्या या टोकाला, मग त्या टोकाला. आत आल्यावर पाणी घेईनात, संदेश मात्र चार खाल्ले. मिठाईला विटाळ नसावा. मग म्हणाले, "आई, मी मोठ्या धर्मसंकटात पडलोय. जिवंत माणसाच्या नावानं श्राद्ध केलं तर पाप करणाऱ्याला लागतंच, शिवाय मंत्र सांगणाऱ्यालाही लागतं."

"मग सांगू नका मंत्र."

"अंबिकाबाबूंकडं आमची ही चौथी पिढी आहे, आई. नाही कसं म्हणू? त्यापेक्षा आपणच काही दिवस काशीला जाऊन राहाल का?"

"तिकडं जाऊन काय करू?"

"तिथं गेलेलं माणूस... म्हणजे... अर्धं गेल्यासारखंच असतं. माझ्या मनाला तेवढाच आधार."

मी हसले, पोटात कळ येईपर्यंत हसले. तर्कतीर्थ पाचवा संदेश हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. बडठाकूर, तुमच्या धर्माला आधार हवा म्हणून मी गाडीत बसून अर्धी मरून यायचं? तुमची अक्कल गहाण पडलीय की उपजतच नव्हती?

ही सगळी कुणाची मसलत आहे तेही मला कळतं. तुमच्या पत्नीची, माझ्या थोरल्या जाऊबाईंची. मृण्मयी देवी! सात महिन्यांत माझ्याशी सात वाक्यंही बोलल्या नाहीत. एकदा त्यांच्या कासुंदीच्या बरणीला चुकून माझा हात लागला. आंघोळ करून, ओल्या साडीनं, देवाचं नाव घेत कुटलेली वर्षाची मोहरी. बरणी उचलली, मागच्या गटारात ओतली, धुऊन पालथी घातली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, तरी माझ्याकडं बघितलंदेखील नाही. अशा बाईच्या हाताखाली माझी मुलगी वाढली. ती माणसांना माणूस समजते का, की तीही बरण्या ओतते, देव जाणे. मला कुठून कळणार? मी कधी तिच्या कॉलेजसमोर गाडी उभी करून वाट पाहिली नाही. आम्हाला तसला शौक नाही.

आता नीट वाचा. तीन तारखेला सकाळी मी हातीबागानला येणार आहे. पुढच्या दारानं. तुम्ही दर्भाची अंगठी घालून बसाल, मी समोर पाट मांडून बसेन. डोक्यावर पदर घेणार नाही. तुम्ही माझं नाव घ्या, मी ‘हजर’ म्हणते. मग रक्षितांची माणसं असोत नाहीतर तुमचे हायकोर्टाचे मित्र, कुणाला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

क्षणप्रभा


२७ फेब्रुवारी

बडठाकूर,

या खेपेला चार पानं! स्वतःच्या हातानं लिहिलेली, शाईचे डाग पडलेली. आणि त्यातली प्रत्येक ओळ खरी, हा तर कळसच झाला. मला वाटलं होतं तुम्ही विसरला असाल. कामापुरतं विसरणं हीच तर तुमची वकिली.

तर होय. तुम्ही तिला उचलून नेलं नाहीत. मी आणून दिली.

प्रमदा जाऊन चार महिने झाले होते. बंद घोडागाडीतून आले, मागच्या दारानं, दुपारी सगळे झोपलेले असताना. करबीला मी टुकु म्हणायची; टुकुच्या हातात तिची कापडी बाहुली होती. जाऊबाई पायरीवर उभ्या होत्या, तुम्ही दाराआड. मी म्हटलं, "हिला नियोगींची पोर म्हणून वाढवा. कुणी विचारलं तर सांगा, आई मेली." वाक्य माझंच. तुम्ही ते चौथ्या पानावर अक्षर न गाळता उतरवलंत. साक्षीदार म्हणून तुम्ही बरे निघालात.

असं का म्हटलं, ते मात्र तुमच्या चार पानांत नाही, कारण ते तुम्हाला ठाऊक नाही. टुकुच्या पाचव्या वाढदिवसाला मी आजूबाजूची पंधरा मुलं बोलावली होती. पायस शिजवलं, लुच्या तळल्या, गच्चीला कागदी पताका लावल्या. प्रमदाला जाऊन तीनच महिने झाले होते, सण करायचे दिवस नव्हते, पण पोरगी आठवडाभर बोटं मोजत होती. एकही मूल आलं नाही. एका घरची आया चिठ्ठी घेऊन आली, बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. टुकु नवा फ्रॉक घालून दिवेलागणीपर्यंत फाटकाशी उभी. मग आत आली आणि विचारते, "मा, सगळ्यांना ताप आलाय का?"

मी म्हटलं, "हो, सगळ्यांनाच."

तिला पटलं. माझं काम चांगलं होतं ना. पण दहाव्या वर्षी पटलं नसतं, आणि विसाव्या वर्षी तिला कोण करून घेणार होतं? रामबागानच्या खेंदीची मुलगी! तेव्हा मी हिशेबानं वागले, बडठाकूर. रडत-भेकत आले नव्हते.

आणखी एक सांगते, तेही तुम्हाला ठाऊक नाही. तिला तुमच्या पायरीवर सोडून मी घरी गेले नाही. सरळ स्टुडिओत गेले. विनोदी चित्राचं काम चालू होतं. पहिल्याच झटक्याला शॉट पास झाला. दिग्दर्शक पोट धरून हसला. आता म्हणा मला काय म्हणायचं ते. मी आधीच म्हणून घेतलंय.

कॉलेजसमोर गाडी दोनदा उभी केली होती. दुसऱ्या वेळी तिनं वळून पाहिलं, म्हणून तिसऱ्यांदा गेले नाही.

तुम्ही लिहिता, ‘सोळा वर्षे आम्ही तुमचा शब्द पाळला. आता तुम्हीच तो मोडणार काय?’ हा प्रश्न तुम्ही विचारावा आणि माझ्याकडं उत्तर नसावं, यापेक्षा मोठा अपमान तुमच्या घरानं माझा आजवर केलेला नाही.

तेव्हा घ्या माझं नाव. मी येत नाही. पडद्यावर मी एकतीस वेळा मेले. गंगेत उडी घेतली, विष प्यायले, क्षयानं खोकून खोकून गेले. ही बत्तिसावी. पण नीट करा. ती तुमची प्रभावती नको. मारायचं तर मला मारा. क्षणप्रभा म्हणा, स्पष्ट म्हणा, मागं बसलेल्याला ऐकू जाईल असं म्हणा. तोंडातल्या तोंडात पुटपुटलात तर मी खरंच येईन.

तर्कतीर्थांना सांगा, माझी परवानगी आहे. त्यांच्यासाठी संदेश पाठवतेय. गहिवरून आणखी चार खातील.

क्षणप्रभा


५ मार्च

बडठाकूर,

काल सकाळी तुमच्या दारात काय झालं ते तुम्ही पाहिलंत. त्यापुढचं तुम्हाला आज-उद्याकडे कुणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच. त्याआधी माझ्याकडून ऐका.

अकराच्या सुमाराला मी अंगणात डाळीचे सांडगे घालत होते. फाटकाशी फुलांनी सजवलेली मोटार थांबली. आधी तुमचे जावई उतरले, डोळ्यांवर चष्मा, कपाळावर अजून चंदन. मागून करबी, बनारसी साडीत, भांगात नवा सिंदूर. जावई सरळ माझ्या पायांशी वाकले. मी मागं सरले. म्हटलं, "पाया पडू नका. मी मेलेली आहे, काल सकाळीच पाणी सोडलंय."

ते हसले हो! म्हणाले, "पत्रिका आली तेव्हा बाबाही गोंधळले. म्हणाले, 'ही बाई गेली कधी? पेपरात एक ओळ नाही!' मग आजीनं दटावलं, 'गप्प बस. त्यांना तसं हवंय तर तसं असू दे.'"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अहो, नियोगींकडे कुणाची मुलगी वाढतेय ते आमच्या बेहालाच्या पानवाल्यालासुद्धा ठाऊक आहे."

सोळा वर्षं, बडठाकूर! एक वकील आणि एक नटी मिळून सोळा वर्षं एवढं मोठं नाटक करत राहिलो आणि अख्ख्या थेटराला शेवट माहीत होता. मूर्ख म्हणून मी तुम्हाला आजवर जेवढ्या शिव्या घातल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या खात्यावर घाला.

करबी मग म्हणाली, "काल तुझं नाव घेतलं तेव्हा मी तिथंच बसले होते. मी काही बोलले नाही."

"कुठलं नाव घेतलं?"

"क्षणप्रभा. जेठूंनी मोठ्यानं घेतलं. त्यांचा आवाज चिरकला."

तुमचा आवाज! असो. मी म्हटलं, "बोलली नाहीस ते बरं केलंस. लग्नाच्या दिवशी मुलीनं वाद घालू नये."

"आज जेठीमा बोलल्या," ती म्हणाली. जाऊबाईंना ती जेठीमा म्हणते, हेही मला तेव्हाच कळलं.

मग तिनं तुमच्या दारातलं सांगितलं. सासरी निघताना मुलगी पाठ करून उभी राहते, मूठभर तांदूळ डोक्यावरून मागं टाकते आणि मागं उभी असलेली आई ते पदरात झेलते. वऱ्हाड उभं, शंख वाजताहेत, करबीच्या हातात तांदळाचं ताट. आणि जाऊबाईंनी पदर पसरायचा तो कमरेला खोचला. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे मी झेलणार नाही. हिची आई जिवंत आहे, बालीगंजला राहते. वाटेतच आहे, गाडी थांबवा आणि तिच्या पदरात टाका."

ती बरणी ओतणारी! सोळा वर्षं पोरीला भात भरवला, तापात उशाशी बसली, वेण्या घातल्या, आणि तिच्या हक्काचा क्षण आला तेव्हा पदर खोचला. मी तिच्याबद्दल जे जे लिहिलंय ते फाडून टाका. नको, ठेवा. मला लाज वाटायला काहीतरी लेखी असू दे.

तोवर रस्त्यावर माणसं जमली होती. कुणीतरी ओरडलं, "अरे, क्षणप्रभा! क्षणप्रभा! शूटिंग चाललंय!" आणि सगळे माना उंच करून कॅमेरा शोधायला लागले.

करबी माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. माझे दोन्ही हात डाळीच्या पिठानं बरबटलेले, तसाच पदर पसरला. तिनं एक मूठ टाकली आणि म्हणाली, "मा, तुझं सगळं ऋण फेडलं." मग दुसरी मूठ. मग तिसरी. तेच वाक्य तीनदा.

सगळ्याच मुली ते म्हणतात, म्हणायचंच असतं. पण कसलं ऋण हो? पाच वर्षांचा दूधभात आणि एक खोटं बोलणं. तिच्यावर माझं काही ऋण नव्हतंच. होतं ते तुमच्या बायकोचं. मला ओरडून सांगायचं होतं. पण तांदूळ टाकल्यावर मुलीनं वळून पाहायचं नसतं, आणि मी तोंड उघडलं असतं तर ती वळली असती. तिचे खांदे हलत होते. जावयानं तिला धरून गाडीत बसवलं. गाडी निघाली तेव्हा जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी म्हणालं, "या वयातही काय काम करते!"

फटिकाबरोबर तांदळाची पुरचुंडी पाठवतेय. तुम्ही हात लावू नका, जाऊबाईंनाच त्यांच्या पदरात घेऊ द्या. दोन मुठी आहेत. एक मी ठेवून घेतली.